हवा लागेपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे पिवळी म्हणत. सहा वर्षं ती एकच पिवळसर पावडर करत होती आणि ती पावडर तिच्या बाहीवर, चष्म्याच्या काडीवर, डब्याच्या झाकणावर कुठे ना कुठे सापडायचीच. घरी वडील निळेकाका. पस्तीस वर्षं ते कापड रंगवायच्या कारखान्यात हौदाशी उभे होते, तेव्हा नखं कायम निळी असत. निवृत्तीनंतर वर्षभरात नखं स्वच्छ झाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दोघंच. बाप निळा आणि लेक पिवळी म्हटल्यावर गल्लीतल्या टवाळांना आयतंच कोलीत मिळालं होतं. जावई हिरवाच शोधा म्हणजे झालं, असं ते म्हणायचे, आणि पिवळी सदतिसाव्या वर्षापर्यंत ते ऐकून घेत आली होती.

पावडर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. नाव भारदस्त असलं तरी वस्तू घरोघरची; भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते, टूथपेस्टमध्येही असते. पाण्यात टाकून उन्हात ठेवली तर ती पाण्यातल्या रंगाचे तुकडे तुकडे करते, पार नाव पुसून टाकते. पण मोठी नखरेल. तिला उन्हातला फक्त अतिनील भाग चालतो, आणि तो उन्हात चिमूटभरच असतो. बाकी सगळा उजेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसतो तो, तिच्या दृष्टीने फुकट. म्हणून तिच्यात परक्या अणूंची भेसळ करायची, यालाच डोपिंग म्हणतात. युरियात कालवून भट्टीत भाजली की काही ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन जाऊन बसतो, पांढरी पावडर पिवळसर होते आणि साध्या उजेडातही कामाला लागते. सांगायला चार ओळी लागतात. करायला पिवळीची सहा वर्षं लागली.

भट्टी जरा जास्त तापली की नायट्रोजन उडून जायचा आणि पावडर पुन्हा पांढरीफटक. कमी तापली की युरियाची घाण आत राहायची. पाच वर्षं हाच खेळ चालला. त्यातही दिव्याच्या उष्णतेने नळीतलं पाणी उडायचं, पातळी खाली जायची आणि आकडे नाचायचे. शेवटी पिवळीनेच डोकं चालवलं. नळी काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, वर घट्ट झाकण. दीड तास दिव्याखाली ठेवायची, मग तशीच गरगर फिरवून पावडर तळाला बसवायची आणि न उघडता यंत्रात धरून रंग मोजायचा. ही तिची स्वतःची युक्ती होती आणि तिचा तिला फार अभिमान होता. त्यानंतर आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. सहाव्या वर्षी, साडेचारशे अंशांवर भाजून अल्कोहोलने धुतलेल्या पावडरीने नळीतला निळा रंग शंभरातला शहाण्णव भाग घालवला. बिनपावडरीची नळी शेजारीच उभी होती, ती निळीच्या निळी. पावडर घालून अंधारात ठेवलेली तिसरी, तीही निळीच. म्हणजे कुणी बोट दाखवायला जागाच नव्हती.

रंग खरोखर तुटला की नाही हे सांगणारं आणखी एक यंत्र असतं, पाण्यात कार्बन किती उरला ते मोजणारं. प्रयोगशाळेत ते होतं. तीन वर्षं बंद होतं आणि त्याच्यावर लोक डबे ठेवायचे.

सरांनी लेख लिहिला, तो छापून आला. मग सरांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, "हे नळीतून बाहेर काढून खऱ्या पाण्यावर चालवून दाखवलं, की कायमची जागा तुमची. मी शब्द देतो." कायमची जागा! दर वर्षी करार संपला की पिवळी महिनाभर जीव मुठीत धरून बसायची. तिच्या मागून आलेली पोरं दुसरीकडे जाऊन स्थिरस्थावर झाली होती. आता ही जागा हातची गेली असती तर या वयात तिला दारात कुणी उभं केलं नसतं, हे तिलाही कळत होतं आणि सरांनाही.

खरं पाणी मिळवायचं तर कारखान्याकडून. वडिलांच्याच कारखान्याकडून. त्याचं निळं पाणी नाल्यात सोडलं जायचं आणि नाला गल्लीच्या मागून वाहायचा. कारखान्याचे व्यवस्थापक प्रयोग बघायला येणार असं ठरलं, तेव्हा सरांच्या डोक्यात एक कल्पना आली. "तुमच्या वडिलांना आणा ना," ते म्हणाले. "वडिलांनी रंग पाण्यात सोडला, मुलगी तो बाहेर काढतेय. फोटोलाही चांगलं."

वडिलांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. प्रयोगशाळेत सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कशाला हात लागू नये म्हणून हात पाठीमागे. दिवा लागला. दीड तास भाषणं झाली, चहा झाला. मग पिवळीने नळी बाहेर काढून फिरवली आणि वर धरली. पाणी नितळ. शेजारची बिनपावडरीची नळी शाईसारखी निळी. टाळ्या पडल्या. सरांनी स्वतः निळेकाकांना पुढे बोलावलं आणि नळी त्यांच्या हातात दिली.

वडिलांनी नळी उजेडाकडे धरली. आडवी केली, उलटी केली. कौतुकाने बघताहेत असं सगळ्यांना वाटलं. पिवळीला मात्र ती नजर ओळखीची होती. रंगवलेल्या कापडाचा तागा हाती आला की ते असंच बघायचे.

"काठोकाठ भरलीय," ते हळूच म्हणाले.

"हो बाबा. म्हणजे पाणी उडत नाही."

"झाकण काढून बघितलंस कधी?"

"कशाला?"

"हवा लागू दे की जरा. आमच्या हौदात पण बाळ, हवा जाऊ दिली नाही की रंग असाच..."

"काय म्हणतात काका?" व्यवस्थापकांनी हसत विचारलं. सरांची भुवई वर गेली. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला.

पिवळीचे कान तापले. सहा वर्षं एकीकडे आणि बापाचा हौद एकीकडे. ती मोठ्याने म्हणाली, "काही नाही साहेब. बाबांना वाटतंय यात काहीतरी हातचलाखी आहे. त्यांना यातलं काही कळत नाही."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, घरातल्या म्हाताऱ्याला हसतात तसं हसले. वडीलही हसले. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरून परत नळ्या ठेवायच्या घोडीत उभी केली, ती नीट बसली का ते बघितलं आणि मागे भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. फोटोत ते आहेत, पण डोळे मिटलेले आले आहेत.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, "चहा बरा होता."

कारखान्याशी करार झाला. तिथे यंत्र उभारायची आखणी सुरू झाली. जागेचे कागद वर गेले, ते सोमवारी मंजूर होणार अशी पक्की बातमी आली. आधीच्या गुरुवारी पिवळी कपाट आवरायला बसली, कारण आता कपाट तिचं होणार होतं. मागच्या फळीवर जुन्या नळ्यांची एक घोडी निघाली. लेखातल्याच नळ्या, तारखा तिच्याच हातच्या. अकरा नळ्या नितळ आणि बारावी निळी.

पिवळीला आधी वाटलं, बिनपावडरीची नळी चुकून यात आली असेल. पण तळाशी पिवळी पावडर होती. तिने नळी फिरवून बघितली. झाकणाला केसाएवढी चीर गेली होती.

हात शांत होते, सवयीचे होते. तिने एक नितळ नळी घेतली, झाकण काढलं, अर्धं पाणी ओतून दिलं, अंगठ्याने तोंड दाबून हलवलं आणि घोडीत ठेवली. काही झालं नाही. ती सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात पाण्याच्या वरच्या कडेला फिकट निळं आलं. मग ते हळूहळू खाली उतरलं. वीस मिनिटांनी तिने नळी यंत्रात धरली. गेलेल्या रंगातला बराचसा परत आलेला होता. तिने दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग ताजी पावडर, ताजी नळी, ताजा दिवा, सगळं पहिल्यापासून केलं. दीड तासाने नितळ, आणि झाकण काढून वीस मिनिटांत निळं.

रंग मेलाच नव्हता. काठोकाठ भरलेल्या नळीत हवा उरली नव्हती, पावडर धुतलेलं अल्कोहोल पुरतं वाळलं नव्हतं, आणि त्या दोघांनी मिळून रंगाला फक्त लपायला लावलं होतं. तोडायचं काम जवळजवळ झालंच नव्हतं. आणि ती नळी काठोकाठ भरायची अक्कल तिची स्वतःची.

स्टुलावर बसल्या बसल्या तिला हौद आठवला. सात वर्षांची असेल, वडिलांचा डबा द्यायला गेली होती. वडिलांनी तिला कडेवर घेऊन हौद दाखवला. आतलं पाणी निळं नव्हतंच, पिवळट हिरवं होतं. वडिलांनी लांब काठीने कापड वर काढलं, तेही पिवळट हिरवं. "बघ हं," ते म्हणाले, "आता हवा लागेल." आणि कापड तिच्या डोळ्यांदेखत, कडेपासून सुरू होऊन, सगळं निळं होत गेलं. तिने टाळ्या पिटल्या होत्या. पुन्हा करा म्हणून हट्ट धरला होता. म्हणजे हे तिला सातव्या वर्षी माहीत होतं. मग शिकून शिकून ती ते विसरली.

तिला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त वडिलांचा राग आला. एवढं माहीत होतं तर गप्प का बसले? ओरडून का नाही सांगितलं? हा राग खोटा आहे हे कळत असूनही तिला तो आला, आणि बराच वेळ पुरला.

ती सरांकडे गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नळ्या बघायला मात्र ते उठले नाहीत.

"जुन्या नळ्या आहेत. काहीतरी मिसळलं असेल."

"ताज्या पण करून बघितल्या सर."

सरांनी लेखाची प्रत पुढे ओढली. मग म्हणाले, "लेखात आपण काय लिहिलंय? पाण्याचा रंग जातो, असंच ना?"

"हो."

"बंद नळीत, असंही लिहिलंय?"

"हो सर."

"मग आपण खोटं कुठे बोललो?" त्यांचा आवाज चढला नाही. उलट मवाळ झाला. "हे बघा, सोमवारी तुमची नेमणूक मंजूर होतेय. आता कुणी लेख मागे घेतला तर माझं काय, मी दोन वर्षांत निवृत्त होईन. तुम्ही कुठे जाल? एकदा जागेवर बसा. मग करा की तपास, कोण अडवतंय? माझा पाठिंबाच आहे."

ते तिच्या काळजीने बोलत होते. हेच वाईट होतं. रागावले असते तर ती भांडली असती.

"बरं सर," पिवळी म्हणाली.

सोमवारी नेमणूक झाली. तपास सोमवारनंतर करायचा होता, आणि सोमवार काय, दर आठवड्याला येतो. एक सोमवार सत्कारात गेला, एक नव्या टेबलाची जागा ठरवण्यात, पुढचे कारखान्यात उभारणी चालू होती त्यात. सरांनी आराखड्यात एकच गोष्ट ताणून धरली होती. पावडरीवरून पाणी उन्हात वाहवायचे पाट उघडे नकोत, वर काच हवी आणि कडेला रबर, हवाबंद. कारखान्याच्या इंजिनियरने कारण विचारलं, तर सर म्हणाले, "कार्यक्षमतेसाठी." आणि त्यांनी पिवळीकडे बघितलं. पिवळीने मान डोलावली. कारखान्याच्या पाण्यात खळ असते, साखरेसारखं बरंच काय काय असतं, म्हणजे रंगाला लपायला तिथे नळीतल्यापेक्षा सोयच सोय. हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पाण्याची तपासणी तिच्याकडेच आली. पाटाच्या तोंडाशी ती बाटली बुडवायची, काठोकाठ भरायची, पाण्याखालीच झाकण लावायची. नितळ. अहवालाखाली सही तिची. पहिली सही करायला तिला अर्धा तास लागला होता. चौथ्या सहीच्या वेळी ती शेजारच्याशी बोलत होती.

नाला मात्र अहवाल वाचत नव्हता. कारखान्यापासून गल्लीपर्यंत पाणी खरंच नितळ आलं, आणि पहिल्या आठवड्यात लोक बघायला गेले. पण गल्लीच्या मागे, लाकडी साकवाखाली, नाल्याला कमरेएवढी दगडी पायरी आहे. तिथे पाणी फेसाळत खाली पडतं. पायरीच्या वर पाणी नितळ, आणि खाली दहा पावलांवर निळं. जसं पस्तीस वर्षं होतं तसंच निळं.

एका रविवारी सकाळी तिथे गल्ली जमली. पिवळी वडिलांबरोबर फिरायला निघाली होती, ती आयतीच सापडली. कोपऱ्यावरचा शिंपी सगळ्यात पुढे. त्याच्या मुलीच्या पायांना त्या पाण्याने चट्टे उठायचे, आणि यंत्र बसल्यावर त्यानेच तिला पुन्हा पाण्यात खेळायला सोडलं होतं.

"काय गं पिवळे," तो म्हणाला, "तुझं यंत्र बसलं ना वर? मग हे काय? पोरीचे पाय बघ येऊन."

पिवळी म्हणाली, "तपासतेय मी. अहवालात तर सगळं..."

"अहवाल ठेव बाजूला. निळेकाका, तुम्ही सांगा. तुमचा जन्म गेला रंगात. वर पांढरं, खाली निळं, हा काय प्रकार?"

सगळे निळेकाकांकडे वळले. ते काठाला बसत बसत खाली उतरले. पायरीच्या वरचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि तशीच ओंजळ धरून उभे राहिले. लोकांना वाटलं, वास घेताहेत. ते वाट बघत होते. पिवळीने वरूनही ओळखलं, कारण तीही वाट बघत होती. थोड्या वेळाने त्यांनी ओंजळीत बघितलं, मग मान वर करून लेकीकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. तागा हाती घेऊन बघायची तीच नजर होती, आणि मालात खोट सापडली होती.

बोलायला तिला एक श्वास पुरला असता. इतकी माणसं होती, उजेड होता, पाणी समोर होतं. झाकण काढलं की निळं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. डोळ्यांसमोर तिला आपलं नवीन टेबल आलं आणि तोंड मिटलं.

निळेकाकांनी ओंजळ रिकामी केली. "यंत्राचा काही दोष नाही," ते म्हणाले. "तळाला जुना रंग बसलाय. पस्तीस वर्षं आम्हीच सोडला ना. वरून पाणी पडतं, गाळ ढवळला जातो, तो रंग वर येतो. हळूहळू जाईल."

आयुष्यात त्यांनी रंगाबद्दल खोटं कधी सांगितलं नव्हतं. मालकालाही नाही. दोनदा पगार कापून घेतला होता, पण कच्च्या रंगाचा माल पक्का म्हणून दिला नव्हता.

"म्हणजे तुमचंच पाप म्हणा की काका!" शिंपी म्हणाला. "आमच्या पोरांच्या पायावर फिटतंय."

"आमचंच," निळेकाका म्हणाले, आणि हसले. अगदी त्या दिवशी प्रयोगशाळेत हसले होते तसंच. लोक पुटपुटत पांगले. शिंप्याने जाता जाता पिवळीची माफी मागितली, म्हणाला, तुझ्यावर उगाच आवाज चढवला.

दोघं घरी आले. वडील मोरीत गेले आणि नळाखाली हात धरून घासू लागले. नखांच्या कडेला पुन्हा निळं बसलं होतं. पिवळी दारात उभी राहिली. तिला वाटत होतं, त्यांनी ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, काहीही करावं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

वडिलांनी मागे वळून बघितलं नाही. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने तो सोसला असता.

"मला यातलं काही कळत नाही, बाळ," ते म्हणाले. "तो साबण दे जरा इकडे."